पुढच्यास ठेच, पण सांगणार कोण?

'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती म्हणजे, ठेच लागल्यावर पुढचा ओरडणार. तो लाजेकाजेस्तव ओठ दाबून तसाच लंगडत पुढे गेला, तर मागच्याला शहाणपण यायचे कुठून? धंद्यात संगणकामुळे लागणाऱ्या ठेचांचे नेमके असेच होते.

मी राहतो बडोद्याच्या गोरव्यात. इथल्या बीआयडीसी वसाहतीत लहान लहान कारखाने दाटीवाटीने उभे आहेत. कंपाउंडला भिंत, भिंतीवर काचा, दाराशी वॉचमन. सगळा बंदोबस्त चोख! आणि ज्या संगणकात उधारी, मालाचे भाव, गिऱ्हाइकांची यादी आणि बँकेचा व्यवहार, त्याचा पासवर्ड मात्र चिठ्ठीवर लिहून पडद्यालाच चिकटवलेला. एका कारखानदारांना मी हे दाखवले, तेव्हा ते हसून म्हणाले, "अरे भाई, अमारे त्यां शुं लेवानुं छे?" आमच्याकडे नेण्यासारखे आहे तरी काय!

पुढे त्यांच्याच गल्लीतल्या एकाला ठेच लागली. नेहमीच्या माल पुरवणाऱ्याच्या नावाने मेल आला, 'आमचे बँक खाते बदलले आहे, यापुढे पैसे इथे भरा.' पत्त्यात एकाच अक्षराचा फरक होता. पैसे गेले. एक फोन केला असता तर वाचले असते. पण त्याहून मोठे नुकसान पुढे झाले. अब्रू जाईल म्हणून त्यांनी कोणाला सांगितले नाही, आणि काही महिन्यांनी शेजारच्या शेडमध्ये तसाच मेल येऊन तसेच पैसे गेले.

लहानांचे सोडा, मोठ्यांची गोष्ट पाहू. पुण्याची कॉसमॉस बँक ही १९०६ साली स्थापन झालेली जुनी सहकारी बँक. ऑगस्ट २०१८ मध्ये तिच्यावर दरोडा पडला, पण एकही तिजोरी फुटली नाही. चोरांनी आधी बँकेच्या यंत्रणेत घातक प्रोग्रॅम घुसवला. एटीएममधून पैसे मागितले की 'द्यावे की न देावे' हे विचारणारा संदेश बँकेच्या मुख्य यंत्रणेकडे जातो. चोरांनी मधल्या मध्ये खोटा दरवाजा बसवला आणि 'द्या' असे उत्तर तेच देऊ लागले. ११ ऑगस्टला, शनिवारी, नकली कार्डांनी २८ देशांत सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले, भारतात आणखी अडीच कोटी. सोमवारी १३ तारखेला जवळजवळ १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले. एकूण ९४ कोटी ४२ लाख! खातेदारांच्या खात्यांतून मात्र पैसे गेले नाहीत, फटका बँकेला बसला.

आता गंमत पाहा. आदल्याच दिवशी, १० ऑगस्टला, अमेरिकेच्या एफबीआयने बँकांना इशारा दिला होता की जगभरच्या एटीएममधून एकदम पैसे काढण्याचा डाव शिजतो आहे. पण इशारा आदल्या दिवशी येऊन काय उपयोग? तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही. चोराची पावले आत उमटतात तेव्हाच ती ओळखायची असतात.

या प्रकरणाचा एक गुण मात्र घेण्यासारखा आहे. ते झाकून राहिले नाही. तक्रार झाली, तपास झाला आणि एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरवले. ऑक्टोबर २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची किमान चौकट घालून दिली.

दुसरे उदाहरण समुद्रावरचे. जून २०१७ मध्ये 'नॉटपेट्या' नावाच्या किड्याने मर्स्क या डेन्मार्कच्या जहाज कंपनीचे संगणक निकामी केले. त्याची झळ न्हावा-शेव्यापर्यंत पोचली, तिथल्या एका टर्मिनलचे काम अडले. किड्याने वापरलेल्या एका भोकाचे ठिगळ मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिले होते. संगणकावर 'अपडेट करा' असे येते आणि आपण 'नंतर' म्हणतो, तेच हे ठिगळ! मर्स्कच्या जाळ्याची मुख्य नोंद ठेवणारे संगणक जगभर पुसले गेले. एकच वाचला, घानामधला. का? तर तिथे त्या वेळी वीज गेली होती, म्हणून तो जाळ्यापासून तुटलेला होता. त्याच्यावरून सगळे पुन्हा उभे राहिले. जानेवारी २०१८ मध्ये कंपनीच्या अध्यक्षांनी दाव्होसला भर सभेत हे संकट सांगितले. दहा दिवसांत ४५ हजार संगणक नव्याने बसवावे लागल्याचेही सांगितले. लाज वाटून घेतली नाही.

आपल्या दुकानाला, पतसंस्थेला, कारखान्याला यातून काय घेता येईल? हिशेबाची एक प्रत रोज वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवावी. घानाला वीज गेल्याने जे जमले, ते आपण हाताने करावे. अधूनमधून ती प्रत उघडते का, तेही पाहावे. ठिगळे वेळेवर लावावीत. हिशेबनीस नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी पासवर्ड बदलावा. खाते बदलल्याचा मेल आला तर जुन्याच नंबरवर फोन करून खात्री करावी. आणि पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० हा नंबर फिरवावा. तास-दोन तासांत कळवले तर रक्कम अडवता येण्याची आशा असते.

शेवटचा उपाय बिनखर्ची आहे, म्हणून सर्वांत अवघड. ठेच लागली तर शेजाऱ्याला सांगा. आणि कोणी सांगितले तर त्याला हसू नका. तो आपल्या पायातला काटा काढतो आहे.