मिनोटॉरला खंडणी पाठवतो कोण?

व्हिक्टोरियन चित्रकारांनी रंगविलेल्या ग्रीक पुराणकथा म्हणजे धनिकांच्या दिवाणखान्याची सजावट, असा शिक्का मारून काही पुरोगामी मंडळी मोकळी होतात. हा निवाडा उतावीळ आहे.

१८८५ चे लंडन पाहावे. मे महिन्यात ‘टाइम्स’मध्ये ‘एक ब्रिटिश गृहिणी’ अशा सहीचे पत्र आले. चित्रप्रदर्शनांतील नग्नतेने त्या सहीमागील सोवळेपणा विटाळला होता. जुलैत डब्ल्यू. टी. स्टेड यांनी ‘पॉल मॉल गॅझेट’मधून त्याच शहरातील गरिबांच्या कोवळ्या मुलींचा बाजार उघडकीस आणला. क्रीटच्या मिनोटॉरला अथेन्सने तरुण-तरुणींची खंडणी पाठवावी, तसाच हा प्रकार, असे त्यांनी बजावले. त्या लेखमालेने अस्वस्थ झालेल्या जी. एफ. वॉट्स यांनी ‘मिनोटॉर’ रंगविला. बैलाच्या मस्तकाचा तो नरपशू कठड्यावर रेलून समुद्राकडे डोळे लावून उभा आहे. पंजाखाली इवलासा पक्षी चिरडलेला आहे. येथे पुराणकथा सजावट राहत नाही, आरोपपत्र होते.

मात्र या आरोपपत्रात आरोपी एकटा पशूच आहे. गलबत भरून पाठविणारे नगर चौकटीबाहेर सुटले. त्याच वर्षी कायद्याने मुलींचे संमतिवय १३ वरून १६ वर नेले. हे यश थोडेथोडके नव्हे. पण मुलींना बाजारात लोटणारे दारिद्र्य जागच्या जागी राहिले.

पशूचा धिक्कार सभ्य समाजाला परवडतो. खंडणीवर ज्यांची भरभराट होते त्यांना जाब विचारणे त्याला परवडत नाही. समाजवाद्यांचे काम नेमके तेथून सुरू होते.