नाकाची न काढलेली रेघ

जुन्या उस्तादाचं चित्र समोर ठेवून कुणी कॅनव्हास लावला, की सल्ला ठरलेला असतो: नक्कल केलीस तर हात बिघडेल, स्वतःचं काही उरणार नाही. सल्ला कळकळीचा असतो, पण मला तो साफ चुकीचा वाटतो.

व्हर्मीरनं १६६५ च्या सुमारास रंगवलेली, कानात मोती घातलेली मुलगी घ्या. मूळ चित्र हेगच्या माउरित्सहाउस संग्रहालयात आहे. मी छापील चित्रावरून ती तैलरंगात करायला बसलो आणि नाकाच्या कडेनं एक गडद रेघ ओढली. चेहऱ्याचा लगेच पुठ्ठ्याचा मुखवटा झाला. पुन्हा निरखून पाहिलं, तर व्हर्मीरनं तिथं रेघच काढलेली नाही! नाकाचा दांडा आणि पलीकडचा गाल एकमेकांत मिसळून गेलेत. नाक पुरं करतो तो आपला डोळा. मी रेघ फडक्यानं पुसली आणि नाक उभं राहिलं. मोतीही तसाच. वर पांढऱ्याचा जाड ठिपका, खाली कॉलरचं मंद प्रतिबिंब, आणि कानात अडकवायची कडी नाहीच. कित्येक वर्षं हे चित्र पाहत होतो, पण हे दिसलं ते ब्रश हातात घेतल्यावर.

त्यापेक्षा जिवंत माणूस समोर बसवा, असं म्हणतात. बसवायलाच हवा. पण समोरचा माणूस सगळंच दाखवतो. त्यातलं काय गाळायचं, ते उस्तादाकडूनच कळतं.

आणि स्वत्वाचं म्हणाल, तर रूबेन्सकडे बघा. १६२८-२९ मध्ये माद्रिदला तो तिशियनच्या चित्रांच्या प्रती करत होता, तेव्हा पन्नाशी उलटलेली आणि युरोपभर नाव झालेलं. ‘आदम आणि ईव्ह’ची प्रत करताना त्यानं आदमला पुढं झुकवलं, झाडावर एक पोपट बसवला. दोन्ही चित्रं प्रादो संग्रहालयात आहेत. प्रत रूबेन्सची आहे हे सांगावं लागत नाही.

आक्षेपातलं एक मात्र मला मान्य आहे. दिसेल तो रंग जुळवून भरत जाणं म्हणजे शिकणं नव्हे. त्या मुलीमागचा काळोखच पाहा. २०१८ च्या तपासणीत कळलं, की तिथं मुळात हिरवा पडदा होता. काळ्यावर चढवलेला नीळ आणि पिवळ्या वनस्पतिरंगाचा पारदर्शक थर काळाच्या ओघात विटला. नुसता काळा फासणारा व्हर्मीरची नव्हे, साडेतीनशे वर्षांच्या झिजेची नक्कल करतो. मीही तेच केलं होतं. आता तो काळा पुरता वाळू दिलाय. त्यावर जवसाच्या तेलात पातळ केलेला हिरवा चढवायला घेतोय.