बातमी आतल्या पानावर

‘ज्यूंच्या संहाराचं जगाला युद्ध संपेपर्यंत कळलंच नाही’, असं आपण अभ्यासवर्गातही सहज बोलून जातो. मैत्रिणींनो, ते खरं नाही. पोलंडमध्ये सात लाख ज्यू मारल्याची बातमी लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’ने २५ जून १९४२ला छापली, पाचव्या पानावर. नोव्हेंबरमध्ये आकडा वीस लाखांवर गेला, तो ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने दहाव्या पानावर टाकला. (कात्रणं काढणाऱ्या आपल्याला आतलं पान म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.) १७ डिसेंबरला दोस्त राष्ट्रांनी निषेध केला, ब्रिटिश खासदारांनी उभं राहून शांतता पाळली. पुढे? एप्रिल १९४३मध्ये बर्म्युडाला परिषद झाली. दारं बंदच राहिली. आधी युद्ध जिंकू, हेच उत्तर. निर्वासितांचा लोंढा येईल ही भीती मात्र कोणी उघड बोलेना.

खासदार एलिनॉर रॅथबोन यांना ते पटलं नाही. आपल्याकडच्या बालविवाहांवर लिहिताना त्यांचा सूर मेमसाहेबी होता, तो मला खटकतोच. पण इथे त्या व्हिसा मागत राहिल्या, मंत्री वैतागले तरी प्रश्न विचारत राहिल्या. अमेरिकेने निर्वासितांसाठी मंडळ नेमलं ते जानेवारी १९४४मध्ये. तोवर पोलंडमधले बहुतेक ज्यू मारले गेले होते.