जुन्या नाचाला नवे पाय

देवलांची 'शारदा' १८९९ साली रंगभूमीवर आली. आज कोणाला ती वाचावीशी वाटली, तर ग्रंथालयात जाऊन कपाटातून काढायची, एवढेच काम. पाने पिवळी पडली असतील, कोणी रसिकाने समासात पेन्सिलीने उद्गारचिन्हे काढून ठेवली असतील; पण नाटक जागच्या जागी आहे. नाचाचे असे नाही. नाच संपला, दिवे गेले, की मागे राहते ती रंगमंचावरची धूळ. ज्यांनी तो नाचला त्यांच्या अंगात तो काही वर्षे राहतो. पुढे गुडघे कुरकुरू लागतात, स्मरण फितूर होते, आणि एक दिवस ती कृती जगातून नाहीशी होते. तिच्याविषयी लिहिलेले परीक्षण तेवढे उरते. जेवण आटोपल्यावर हाती राहिलेल्या आमंत्रणपत्रिकेइतकाच त्याचा उपयोग!

म्हणूनच एखादी बॅले मंडळी आपल्या एका संध्याकाळच्या कार्यक्रमात दोन नव्या रचना आणि एक पुनरुज्जीवित रचना मांडते, तेव्हा तिने केवढी जोखीम घेतली आहे याची आपल्याला कल्पना यावी असे मला वाटते. पाश्चात्त्य बॅले मंडळ्यांना उत्पन्नाचा सोपा मार्ग ठाऊक आहे. 'स्वान लेक' लावावे, नाताळात 'नटक्रॅकर' लावावे; आजीपासून नातीपर्यंत सारे घर तिकिटे काढते. तीन-चार छोट्या रचनांच्या मिश्र कार्यक्रमाला हा आधार नसतो. प्रेक्षकाला एका रात्रीत तीन वेळा नव्याने मन जुळवून घ्यावे लागते. माझे एक स्नेही अशा कार्यक्रमाला 'मिसळ' म्हणतात. म्हणोत बापडे! चांगली मिसळ जमवणे किती अवघड असते, हे त्यांनी कधी स्वयंपाकघरात जाऊन पाहिलेले नाही.

या बाबतीत अमेरिकेतील जॉफ्री बॅलेचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. रॉबर्ट जॉफ्री हा अफगाण पित्याचा आणि इटालियन मातेचा, सिअ‍ॅटलला जन्मलेला मुलगा. १९५६ साली त्याने आणि त्याचा मित्र जेराल्ड आर्पिनो याने सहा नर्तकांची मंडळी काढली. एक उसनी मोटार, तिच्यामागे सामानाची गाडी, आणि गावोगाव खेळ. आपल्या जुन्या नाटक मंडळ्यांच्या बिऱ्हाडाची आठवण यावी असाच हा संसार होता. स्वतः जॉफ्री मात्र न्यूयॉर्कमध्ये राहून शिकवण्या करी आणि त्या पैशावर दौरा चाले. पुढे रिबेका हार्कनेस या धनाढ्य बाईंचा आश्रय मिळाला, आणि १९६४ साली तो तुटलाही. तुटताना बहुतेक नर्तक, पोशाख, नेपथ्य आणि रचनासुद्धा बाईंकडे राहिल्या. आठ वर्षांत जमवलेले सारे भांडार एका फटक्यात गेले. जॉफ्रीने पुन्हा मंडळी उभी केली आणि त्यानंतर तो इतरांच्या हरवलेल्या, हरवू पाहणाऱ्या रचनांच्या मागे लागला. ज्याचे स्वतःचे घर लुटले गेले आहे त्यालाच शेजाऱ्याच्या कुलपाची काळजी वाटते, असा माझा तर्क आहे. तो खोटाही असेल. पण मला तो सोडवत नाही.

१९६७ साली जॉफ्रीच्या मंडळीने कुर्ट जूस या जर्मन रचनाकाराचे 'द ग्रीन टेबल' सादर केले. ही रचना मूळची १९३२ ची, पॅरिसच्या स्पर्धेत पहिले बक्षीस मिळवलेली. पडदा वर जातो तेव्हा हिरव्या कापडाच्या लांब मेजाभोवती काळ्या कोटांतले, मुखवटे घातलेले सद्गृहस्थ वाटाघाटी करीत असतात. ते वाकून नमस्कार करतात, बोटे नाचवतात, रुसतात, पुन्हा मेजाशी येतात. सारे अत्यंत सभ्यपणे. शेवटी प्रत्येक जण खिशातून पिस्तूल काढतो आणि बार होतो. मग युद्ध. सैनिक, त्याची आई, निर्वासित, बंडखोर स्त्री, कुंटणखान्यातली मुलगी अशा एकेकाला मृत्यू येऊन घेऊन जातो. प्रत्येकाकडे तो वेगळ्या पावलांनी येतो. म्हातारीजवळ तो जवळजवळ प्रेमळ होतो, आणि मला विचाराल तर सगळ्या रचनेतला सर्वांत भयंकर क्षण तोच. अखेरीस पुन्हा तेच हिरवे मेज, तेच सद्गृहस्थ, तेच वाकणे. संगीत दोन पियानोंचे. संगीतकार फ्रित्झ कोहेन ज्यू होता. १९३३ साली नाझींनी ज्यू सहकाऱ्यांना काढून टाकण्याचा आग्रह धरला, तेव्हा जूसने तो मानला नाही आणि सगळी मंडळी घेऊन देश सोडला.

आता १९६७ साली अमेरिकेत हे का नाचायचे? व्हिएतनामचे युद्ध चालू होते, हे उत्तर सर्वांना सुचेल आणि ते बरोबरही आहे. पण मला दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. ही रचना चिन्हलेखनात उतरवलेली होती आणि जूस स्वतः हयात होता. पुढे त्याच्या मुलीने, अ‍ॅना मार्कार्डने, ती अनेक देशांत बसवली. म्हणजे येथे साखळी तुटलेली नव्हती. गुरूच्या तोंडून शिष्याने बंदिश घ्यावी तशी ती पायांकडून पायांकडे आली. अशा पुनरुज्जीवनाविषयी वाद घालण्याचे कारणच नाही.

१९७३ साली तर या मंडळीने कमालच केली. एकीकडे मासीनने स्वतः येऊन आपले १९१७ चे 'परेड' पुन्हा बसवले. त्याची कल्पना कॉक्तोची, संगीत सातीचे, पडदे-पोशाख पिकासोचे. वाद्यवृंदात चक्क टाईपरायटर आणि पिस्तूल! दुसरीकडे त्याच वर्षी ट्वायला थार्प या तरुण रचनाकर्तीने 'ड्यूस कूप' ही नवी करकरीत रचना दिली. तिचे संगीत 'बीच बॉइज' या गाणाऱ्या टोळीचे. मागच्या बाजूस न्यूयॉर्कच्या भिंती रंगवणारी पोरे खेळ चालू असताना कागदाच्या पट्ट्यांवर रंग फवारत, आणि या सगळ्या गोंगाटात एक नर्तकी शांतपणे बॅलेतील पदन्यास वर्णानुक्रमाने, शब्दकोशातल्यासारखे, एकामागून एक करीत असे. मला ही कल्पना विलक्षण आवडते. शास्त्राचा सारा कोश एका बाईच्या अंगात, भोवती बाजार भरलेला, आणि दोघांपैकी कोणीच कोणाला हटवत नाही. 'परेड'मध्येही जत्रेच्या दारात उभे राहून गिऱ्हाईक बोलावणारेच लोक आहेत. छप्पन्न वर्षांच्या अंतराने दोन्ही रचना एकच खोडी काढत होत्या. ती खोडी शेजारी शेजारी पाहता यावी, म्हणून तर मिश्र कार्यक्रम हवा.

आणि नर्तकाचे काय? आदल्या प्रवेशात खांदे सैल सोडून लोळणारा मुलगा मध्यंतरानंतर मासीनच्या काटेकोर हातवाऱ्यांत उभा राहतो. त्याच्या अंगाची ही कसरत प्रेक्षकालाही काही शिकवते. निव्वळ जुनेच नाचणाऱ्या मंडळीत नर्तक हळूहळू पुजारी बनतात. घंटा वेळेवर वाजते, पण देवाशी बोलणे राहून जाते.

खरा वादाचा मुद्दा १९८७ चा आहे. निजिन्स्कीचे 'वसंताचे बलिदान' २९ मे १९१३ रोजी पॅरिसमध्ये प्रथम झाले. संगीत स्ट्राविन्स्कीचे, नेपथ्य आणि पोशाख निकोलस रोरिकचे. हाच रोरिक पुढे कुलू खोऱ्यातील नग्गरला येऊन राहिला आणि १९४७ साली तेथेच वारला. पहिल्या रात्री प्रेक्षागृहात जो दंगा झाला तो प्रसिद्धच आहे. पण दंग्याची कथा जितकी टिकली तितका नाच टिकला नाही. जेमतेम आठ-नऊ प्रयोग झाले आणि तो गेला. १९२० साली त्याच संगीतावर मासीनला नवी रचना करावी लागली. निजिन्स्की तोवर मनोरुग्ण झाला होता.

मिलिसेंट हॉडसन या विदुषीने कित्येक वर्षे खपून तो जमवला. निजिन्स्कीची साहाय्यक मारी रॅम्बर्ट हिची स्वरलिपीवरील टिपणे, स्ट्राविन्स्कीच्या खुणा, व्हॅलेंटाइन ग्रॉसने काढलेली रेखाटने, वृत्तपत्रांतील शिव्याशाप, साक्षीदारांच्या आठवणी, असा तिचा संभार. पोशाख आणि नेपथ्याची बाजू केनेथ आर्चरने सांभाळली. ३० सप्टेंबर १९८७ रोजी लॉस एंजेलिसला जॉफ्रीच्या मंडळीने ते सादर केले. पावले आत वळलेली, मान तिरकी, मुठी गालाखाली. उडी हवेत तरंगण्यासाठी नसून जमिनीवर आदळण्यासाठी. बळी म्हणून निवडलेली मुलगी बराच वेळ स्तब्ध उभी राहते, गुडघे तेवढे थरथरतात, आणि मग ती मरेपर्यंत उड्या मारते. ते काम बिआत्रिझ रॉड्रिग्ज हिने केले. त्यावरचा माहितीपट आणि पुढे दुसऱ्या मंडळ्यांनी केलेले प्रयोग आज आपल्यासारख्या दूरच्या माणसालाही पडद्यावर पाहता येतात.

आक्षेप असा, की दोन रेखाटनांच्या मधली हालचाल कोणाची? निजिन्स्कीची की हॉडसनबाईंची? आक्षेप रास्त आहे. फुटक्या मडक्याच्या खापऱ्या जोडताना मधली भोके मातीने बुजवली, तर ती माती आजचीच असणार. पण या कारणासाठी मडके उभेच करू नये, असे म्हणणारांशी माझे जमत नाही. चौऱ्याहत्तर वर्षे जगाजवळ एक दंतकथा होती. आता एक वस्तू आहे. ती तपासता येते, तिच्यात चूक काढता येते. दंतकथेत चूक कशी काढणार? माझी अट एकच : कार्यक्रमपत्रिकेवर 'हाच तो १९१३ चा नाच' असे छापू नये, आणि परीक्षकाने तिच्याकडे वडीलधाऱ्या माणसाकडे पाहावे तसे खाली मान घालून पाहू नये. कंटाळा आला तर आला म्हणावे.

२९ मे २०१३ रोजी, शंभर वर्षे पुरी झाली त्या दिवशी, पॅरिसच्या त्याच नाट्यगृहात मारिन्स्की मंडळीने हॉडसनबाईंनी उभी केलेली रचना आणि साशा वाल्ट्झ हिची नवी रचना एकाच रात्री सादर केल्या. दोन्ही वेळा संगीत तेच. असा मिश्र कार्यक्रम आखणाऱ्याला मी मनापासून दाद देतो. जुन्याने नव्याला प्रश्न विचारावा आणि नव्याने तो परत फेकावा, याहून चांगले परीक्षण कागदावर कोण लिहिणार?

हे सारे परदेशचे झाले. पण त्याचा एक धागा थेट आपल्या अंधेरीपर्यंत येतो. जर्मनी सोडून जूस इंग्लंडमधील डार्टिंग्टनला गेला. श्रीनिकेतनात रवींद्रनाथांबरोबर काम केलेल्या लेनर्ड एल्महर्स्टचे ते ठिकाण. उदय शंकरांच्या अल्मोड्याच्या केंद्रामागेही डार्टिंग्टनच्याच मंडळींचे साह्य होते. त्या केंद्रात काम केलेले शांती बर्धन पुढे अंधेरीला इप्टाच्या पथकात आले आणि १९५२ साली त्यांनी मुंबईत 'लिटल बॅले ट्रूप' काढला. त्यांचे 'रामायण' कळसूत्री बाहुल्यांच्या ढंगाने नाचले जाई. माणसे जत्रेतल्या बाहुल्या होत. १९५४ साली क्षयाने बर्धन गेले. 'पंचतंत्र' त्यांच्यामागे सहकाऱ्यांनी पुरे केले. मंडळी ग्वाल्हेरला आणि पुढे भोपाळला गेली. गुल बर्धन यांनी २०१० साली डोळे मिटेपर्यंत त्या रचना नाचत्या ठेवल्या. एका बाईने अर्धशतकाहून अधिक काळ एक 'रामायण' मरू दिले नाही, आणि आपल्या मराठी नाट्येतिहासांतून तिच्यासाठी किती ओळी निघाल्या? मालवणचे पार्वतीकुमार यांनी तंजावरच्या सरफोजीराजांची मराठी निरूपणे भरतनाट्यममध्ये पुन्हा उभी केली. तेथे तर उलटा प्रकार : शब्द हस्तलिखितांत होते, नाच हरवला होता. त्याचीही दखल नृत्याच्या वर्तुळाबाहेर फारशी गेली नाही.

राहता राहिले आपले स्नेहसंमेलन. दरवर्षी 'काहीतरी नवीन' हवे म्हणून आपण जीव टाकतो, आणि मागच्या वर्षीचा समूहनृत्याचा नंबर कोणी बसवला होता हेही पुढच्या वर्षी कोणाला सांगता येत नाही. थार्पचे 'ड्यूस कूप' २०१९ साली अमेरिकन बॅले थिएटरने पुनरुज्जीवित रचना म्हणून लावले. एके काळचा तो पोरकटपणा. आज त्याला जपून हाताळावे लागते. मग आपणही एक वर्ष कार्यक्रमाची निम्मी वेळ जुन्याला का देऊ नये? पंधरा-वीस वर्षांपूर्वी आपल्याच रंगमंचावर गाजलेला एखादा कोळीनृत्याचा किंवा नृत्यनाटिकेचा भाग निवडावा. त्यात नाचलेल्या काही मुली आज याच गावात शिक्षिका आहेत, बँकेत आहेत. त्यांना तालमीला बोलवावे, चार आण्याच्या आठवणीत बारा आण्याची कल्पना मिसळली तर मिसळू द्यावी, आणि दुसऱ्या अंकात नव्या मुलांनी त्याच गाण्यावर आपला नाच करावा. पत्रिकेत मात्र कोणता भाग कोणाच्या आठवणीतला आणि कोणता नव्याने रचलेला, हे नावानिशी छापावे.