खोलीच्या आतला उन्हाळा कोण मोजणार?

मुंबईचा हवामान कृती आराखडा मार्च २०२२ मध्ये जाहीर झाला. त्यात नकाशे आहेत, २०५० पर्यंत कार्बन उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणण्याचे वचन आहे. शहरातले सुमारे ३५ टक्के लोक पाणी तुंबण्याच्या ठिकाणांपासून अडीचशे मीटरच्या आत राहतात आणि पत्र्याच्या छपरांच्या वस्त्या शेजारच्या भागांपेक्षा जास्त तापतात, याचीही नोंद आहे. एवढे काम झाले, त्याबद्दल कुरकुर करण्याचे कारण नाही. आमचे भांडण वेगळे आहे. जोखीम मोजणाऱ्यांनी माणसे मोजली, पण ती माणसे दिवसभर असतात कुठे आणि करतात काय, हे विचारले नाही. त्या टक्केवारीत बाई आहे, तिचा दिवस नाही.

जोखीम ठरते ती संकट केवढे, त्याच्या वाटेत कोण आणि त्या माणसाची सोसण्या-सावरण्याची ताकद किती, यांवर. पहिल्या दोन गोष्टी उपग्रहातून दिसतात. तिसरीसाठी वस्तीत जाऊन बसावे लागते, आणि नियोजनकर्त्यांना नेमका तेवढाच वेळ नसतो.

उन्हाळ्याचेच घ्या. हवामान खात्याच्या निकषानुसार किनारपट्टीवर पारा ३७ अंशांवर गेला आणि तो सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असला, तर उष्णतेची लाट. हा पारा कुलाब्याला आणि सांताक्रूझला मोकळ्या जागेवर, हवा खेळती राहील अशा पांढऱ्या लाकडी पेटीत मोजतात. शास्त्राच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. गावागावांची तुलना करायची तर मोजण्याची रीत एकच हवी. पण दहा बाय बाराची खोली, डोक्यावर पत्रा, एकच दार, खिडकी नाही आणि कोपऱ्यात पेटती शेगडी, ही काही पांढरी पेटी नव्हे. वेधशाळेत ३४ अंशांचा, दमट पण ‘नेहमीसारखा’ दिवस असतो, तेव्हा या खोलीत बाई भाकऱ्या थापत असते. तिच्यासाठी लाट कोणी जाहीर करत नाही.

बरे, ही खोली नुसते घरही नाही. तिथे मणी ओवले जातात, राख्या तयार होतात, टिकल्या पाकिटावर चिकटवल्या जातात, शर्टांचे धागे कापले जातात. मजुरी डझनावर किंवा ग्रोसवर. मणी नि टिकल्या उडतात म्हणून पंखा बंद! उन्हाळ्यात बोटे घामेजून काम मंदावते, मजुरी घटते आणि हे नुकसान कुठल्याच खात्याच्या वहीत चढत नाही. कारखान्यात उकाड्याने उत्पादन घटले तर त्याचा हिशेब उद्योगधंद्यांच्या संघटना मांडतात. हिच्या ओंजळीतून गळलेले वीस-तीस रुपये कोण मांडणार?

सरकारी सूचनापत्रक सांगते, दुपारी बारा ते तीन घराबाहेर पडू नका. ती बाहेर पडलेलीच नाही, साहेब. भरपूर पाणी प्या, असेही सांगते. सार्वजनिक संडासाला रांग असते, पैसे पडतात, रात्री वाटेत दिवा नसतो; म्हणून बायका मुद्दाम कमी पाणी पितात आणि लघवीची जळजळ अंगावर काढतात. आणि रात्र? पुरुष गल्लीत, ओट्यावर पथारी टाकतात. सासू फार तर उंबऱ्याशी पडते. सून आणि वयात आलेली मुलगी आत, दाराला कडी लावून, कारण दार उघडे ठेवण्याची भीती उकाड्यापेक्षा मोठी आहे. स्त्रियांवरील हिंसेचा हवामानाशी काय संबंध, असे विचारणाऱ्यांनी या कडीचा विचार करावा.

एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या मैदानावरील सरकारी पुरस्कार सोहळ्यात उष्माघाताने १४ माणसे गेली. त्यांत स्त्रिया बहुसंख्य होत्या. चर्चा झाली ती मांडवाची आणि राजकारणाची. स्त्रियाच जास्त का, हा प्रश्न फारसा पुढे आला नाही.

पुराची गोष्ट निराळी नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हा आकडा मुंबईला पाठ आहे. पाणी ओसरल्यावर घराघरांतला चिखल किती दिवस उपसला, भिजलेले धान्य किती घरांनी वाळवले, तापाने फणफणलेल्या पोरांजवळ किती जणींनी कामावर खाडे केले, हे आकडे कोणाला पाठ नाहीत, कारण ते गोळाच झाले नाहीत.

आणखी एक भीती आहे. जोखमीचा नकाशा उद्या हटवण्याचा नकाशा होऊ शकतो. ‘तुमची वस्ती धोक्याची आहे, उठा’ हे वाक्य काळजीच्या सुरात बोलता येते. तानसा जलवाहिनीलगतच्या कुटुंबांना जलवाहिनीच्या सुरक्षेसाठी उठवून माहुलला पाठवले, तेल शुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी. तिथल्या हवेने माणसे आजारी पडली. अखेर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाला दरमहा पंधरा हजार रुपये भाडे देण्याचा आदेश द्यावा लागला. त्या स्थलांतरात घरकामाला जाणाऱ्या बायकांची कामे सुटली ती सुटलीच. धोका टळला म्हणायचे की एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेला?

आमचे काही पुरोगामी मित्र म्हणतात, समुद्र बाई-पुरुष बघत नाही. आधी शहर वाचवू, मग तुमचे बघू. हे ‘मग’ आम्ही फार वर्षे ऐकत आलो आहोत. समुद्र बघत नसेल. रेशनकार्ड, पंचनाम्यातले कर्त्याचे नाव, झोपडीच्या पुराव्याची तारीख हे सगळे बघतात.

आराखडा जाहीर झाला त्याच्या आठवडाभर आधी, ७ मार्च २०२२ रोजी महापालिकेची मुदत संपली होती. पुढची निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव असलेले सभागृह जवळजवळ चार वर्षे रिकामे होते, आणि त्याच काळात आराखड्याची अंमलबजावणी, पाठोपाठ २०२४ पासून पालिकेचा हवामान अर्थसंकल्प, सारे प्रशासकांच्या सहीने चालले. आता नगरसेविका सभागृहात आहेत. त्यांच्याकडे आमची मागणी स्वस्तातली आहे. प्रत्येक वॉर्डात वस्तीतल्या काही घरांत, शेगडीपासून हातभर अंतरावर, तापमान आणि दमटपणा मोजणारी यंत्रे लावा. मार्च ते जून, दिवसा आणि रात्रीही. नोंदी आरोग्यसेविकांनी ठेवायच्या असतील तर त्या कामाचे वेगळे पैसे त्यांना द्या; ‘सेवा’ म्हणून अजून एक वही त्यांच्या पिशवीत कोंबू नका. आणि हे आकडे येईपर्यंत रात्रीचे संडास, गल्लीतले दिवे नि पाण्याच्या वेळा हवामान अर्थसंकल्पात घाला. त्यासाठी कुठल्याही यंत्राची वाट पाहायची गरज नाही.