धोतर फाटकाशीच का थांबले?

लग्नाच्या मिस्सेनंतरचा स्वागतसमारंभ वडवणीतील एका मंगल कार्यालयात होता. निमंत्रणपत्रिकेच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ छापली होती : 'पोशाख : स्मार्ट कॅज्युअल'. पत्रिकेचा मसुदा छापण्यापूर्वी माझ्याकडे आला होता. मिस्सेची वेळ मी दुरुस्त केली. त्या ओळीकडे माझे लक्ष गेले नाही असे मला म्हणता येणार नाही. लक्ष गेले, आणि मी ती राहू दिली.

समारंभाला वराचा एक मित्र आला होता. शिक्षणासाठी ग्लासगोला गेलेला आणि तेथेच नोकरीस लागलेला. त्याने किल्ट परिधान केला होता : गुडघ्यापर्यंतचा, हिरव्या-निळ्या चौकड्यांचा, मागे दाट चुण्या असलेला लोकरी कपडा, वर पांढरा सदरा, पायांत जाड मोजे, कमरेला पुढच्या बाजूस एक कातडी पिशवी. बायकांनी तोंडाला पदर लावला, पोरे 'बाप्याचा घागरा' म्हणून खिदळली. पण थोड्याच वेळात प्रत्येकाला त्याच्यासोबत छायाचित्र हवे झाले. यजमानांनी त्याला मानाने पहिल्या रांगेत, माझ्या शेजारी बसवले.

त्याच वेळी वराचे चुलत आजोबा फाटकापाशी उभे होते. धुतलेले धोतर, बंडी, डोक्याला पटका. उमेदीची सारी वर्षे कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेला हा माणूस. कारखान्यावरच्या कोपीत संध्याकाळी टोळीतल्या चार घरांना गोळा करून जपमाळ म्हणवून घेणारा. वराला प्रभूची प्रार्थना त्यांनीच शिकवली. मी त्यांना आत बोलावू लागलो तर म्हणाले, "फादर, कारडावर कपड्याचं काय तरी लिव्हलंय म्हणं. पोराच्या पाहुण्यांत त्याची इज्जत कशाला घालवू? मी हितंच बरा." ते न जेवताच घरी गेले.

त्यांना कोणी अडवले नव्हते, असे यजमान मला नंतर पुनःपुन्हा सांगत होते. ते खरेच आहे. पण 'स्मार्ट कॅज्युअल' म्हणजे नेमके काय, हे ज्यांना आधीच ठाऊक आहे त्यांच्यासाठीच ती ओळ असते. ज्यांना ठाऊक नाही, त्यांना एवढेच कळते की, आपण त्यात बसत नाही.

त्या तरुणावर माझा मुळीच राग नाही. उलट त्याच्या अंगावर जे वस्त्र होते त्याची कथा आपल्या लोकांनी ऐकावी असे मला वाटते. किल्टचे मूळ रूप म्हणजे एक लांबलचक कापड. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातला माणूस ते चुण्या घालून कमरेला पट्ट्याने आवळी आणि उरलेला पदर खांद्यावर टाकी. न शिवलेले कापड अंगाभोवती नेसायचे, हीच त्यातली युक्ती. म्हणजे तो पोशाख आपल्या धोतराच्याच गोत्रातला! १७४५ च्या बंडानंतर इंग्रजी सत्तेने १७४६ साली कायदा करून त्या भागातील पुरुषांना हा पोशाख बंद केला. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने तुरुंग, दुसऱ्याला सात वर्षे सागरापार हद्दपारी. सूट होती ती फक्त सरकारी फौजेतल्या शिपायांना. (पुढे अशाच हायलँडर पलटणी १८०३ साली आपल्या मराठवाड्यात, असईच्या रणांगणावर, शिंदे-भोसल्यांच्या फौजेविरुद्ध लढल्या.) तो कायदा १७८२ मध्ये रद्द झाला. १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला तेव्हा त्याने स्वतः किल्ट घातला! आज तेथे तोच किल्ट आखूड कोट आणि बो टायसह मेजवानीला चालतो, आणि साध्या सदऱ्यावर मित्रांच्या बैठकीलाही. गावंढळ ठरवून बंदी घातलेल्या वस्त्राला त्या लोकांनी पुन्हा मानाच्या पंगतीत आणून बसवले.

आता आपल्या घरात डोकावू. स्कॉटलंडच्या त्या कायद्याच्या दहाच वर्षे आधी, १७३६ साली, गोव्याच्या इन्क्विझिशनने फर्मान काढून तेथील ख्रिस्ती पुरुषांना पुडवें, म्हणजे धोतर, नेसण्यास आणि स्त्रियांना चोळी घालण्यास मनाई केली. हे परक्या राजाने केले असे म्हणून आपल्याला सुटता येत नाही. ते आपल्या ख्रिस्तसभेच्या नावाने झाले. त्याच ख्रिस्तसभेचा रॉबर्ट द नोबिली हा येशूसंघीय सतराव्या शतकाच्या आरंभी मदुराईत संन्याशाच्या भगव्या वस्त्रांत राहिला होता. जालन्याचे नारायण शेषाद्री स्कॉटिश मिशनचे, आपल्या पंथाचे नव्हेत. पण १८७३ साली न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेत ते पांढरा फेटा बांधून उभे राहिले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६९ साली, रोमने भारतासाठी बारा बाबी मान्य केल्या. त्यांत धर्मगुरूने रोमन झग्याऐवजी साधा अंगरखा व अंगवस्त्र वापरावे याचीही मुभा होती. वेदीवर अंगवस्त्र चालते, आणि मंगल कार्यालयात धोतर चालत नाही?

हा रोग आपल्यापुरताच नाही. १९८८ साली मुंबईच्या विलिंग्डन क्लबने चित्रकार हुसेन यांना अनवाणी आले म्हणून परत पाठवले. २०१४ साली मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती हरिपरंथामन यांना धोतरामुळे चेन्नईतील एका क्रिकेट क्लबात प्रवेश मिळाला नाही. तामिळनाडूच्या विधानसभेने त्याच वर्षी कायदा करून अशा मनाईला मनाई केली. न्यायमूर्तींसाठी विधानसभा जागी झाली. ऊसतोड्या आजोबांसाठी कोण जागे होणार?

कोणी मला मत्तयच्या बाविसाव्या अध्यायातला लग्नाचा पोशाख ऐकवील. जरूर ऐकवावा, पण त्या दाखल्यातले पाहुणे चौकाचौकांतून, रस्त्यांवरून गोळा करून आणलेले होते हे विसरू नये. संत ऑगस्टीनने त्या पोशाखाचा अर्थ प्रीती असा लावला आहे. कापडाविषयी बोलायचेच तर याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय उघडावा. सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यांतल्या गरिबाला पायांपाशी, असे करणाऱ्या मंडळीला प्रेषिताने तेथे काय सुनावले आहे ते मला येथे सांगायला नको. आमच्या आजोबांचे धोतर तर स्वच्छ धुतलेले होते.

दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे, आणि तो आमच्याच एका तरुण शिक्षकाने घेतला. तो म्हणाला, "फादर, धोतराचे एवढे कौतुक कशाला? आमच्या पूर्वजांना नीटनेटके कपडे घालण्याचीही मुभा नव्हती. बाबासाहेबांनी कोट घातला तो उगीच नव्हे." हे मला मान्य आहे. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना जातीची ओळख सांगणारी लुगडे नेसण्याची पद्धत टाकून द्यायला सांगितले. त्यामागची वेदना माझ्या धर्मग्रामातली घरे जाणतात. म्हणून मी कोणाला पॅन्ट उतरवायला सांगत नाही. धोतर पवित्र आणि सूट अपवित्र, असेही माझे म्हणणे नाही. पण ज्याने मान मिळवण्यासाठी कोट घातला, त्याच्या नातवाने त्याच कोटाच्या जोरावर स्वतःच्या आजोबांना फाटकाशी उभे करावे, यासाठी ती लढाई नव्हती. त्या शिक्षकाला मी हेच उत्तर दिले. तो गप्प राहिला. पटले की नाही, त्याने सांगितले नाही.

पोशाखाची सक्तीच करायची तर 'स्वच्छ' एवढा शब्द पुरेसा आहे, आणि आमच्या लोकांना तोही छापून सांगावा लागत नाही. धर्मग्रामाच्या नावाने निघणाऱ्या कोणत्याही पत्रिकेवर, मग सण असो वा रौप्यमहोत्सव, पोशाखाची ओळ येणार नाही, असे मी मंडळाला सांगितले आहे. घरगुती पत्रिकांवर माझा अधिकार नाही. पण मसुदा माझ्याकडे आला तर यापुढे मी केवळ मिस्सेची वेळ तपासणार नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात मी आजोबांच्या घरी गेलो आणि त्यांची क्षमा मागितली. त्यांना ते अवघड झाले, विषय बदलावा म्हणून त्यांनी विचारले, "त्या पोराच्या घागऱ्याला खिसा कुठं असतो, फादर?" खिसा नसतो, म्हणूनच ती कातडी पिशवी पुढे बांधतात, असे मी सांगितले. आजोबांनी कमरेची चंची सोडून माझ्यापुढे धरली. "मंग ही काय येगळी हाय?" म्हणाले, आणि सुपारी कातरायला बसले.