शिट्टीविना कणीस

इलेक्ट्रिक प्रेशर कुकरमध्ये गोड मक्याचे कणीस शिजवायला यंत्रावर २ मिनिटे लावतात. कणीस ताटात पडायला मात्र १२ ते १५ मिनिटे जातात. घड्याळ उलटे मोजू लागते ते आत पुरता दाब भरल्यावर. त्याआधी कुकर गप्प बसून पाणी आणि कणसे तापवत असतो. गॅसवरच्या कुकरशी ज्यांचा हात बसलेला असतो, त्यांची पहिली चूक इथेच होते. दहा मिनिटे काहीच घडत नाही असे पाहून ते वेळ वाढवतात आणि दाण्यांचा लगदा खातात.

शिट्टी हा दाब जास्त झाल्याचा इशारा आहे. दाबाने वजन उचलले जाते, जादा वाफ बाहेर पडते, वजन पुन्हा खाली बसते. इलेक्ट्रिक कुकरमध्ये तशी वेळ येतच नाही. दाब ठरलेल्या पातळीला पोचला की तळाची हीटिंग प्लेट आपोआप बंद होते, दाब उतरू लागला की पुन्हा सुरू होते. म्हणून ‘तीन शिट्ट्या म्हणजे किती मिनिटे’ या प्रश्नाला नेमके उत्तर नाही. शिट्टी आचेवर, भांड्याच्या आकारावर आणि पाण्यावर अवलंबून असते, मिनिट यांपैकी कशावरही नाही. गॅसवरच्या भारतीय कुकरमध्ये तापमान १२० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. इलेक्ट्रिक कुकरचा ‘हाय’ दाब थोडा कमी, साधारण ७० ते ८० किलोपास्कल असतो, त्यामुळे आत ११५ ते ११८ अंश मिळतात. बंद भांड्यात वाफ कोंडून अन्न शिजवण्याची कल्पना डेनिस पापँ याने १६७९ मध्ये लंडनमध्ये मांडली. विजेवर चालणाऱ्या कुकरचे पेटंट चीनमध्ये १९९१ मध्ये नोंदले गेले, तर २०१० मध्ये कॅनडातून ‘इन्स्टंट पॉट’ बाजारात आला आणि अमेरिकेतल्या मराठी घरांमध्ये डाळ-भातासाठी रुळला. कणीस त्यात शिरले ते उन्हाळ्यात, तिकडे गोड मक्याचा हंगाम असतो तेव्हा.

कुकरपेक्षा कणीस महत्त्वाचे. महाराष्ट्रात पावसाळ्यात बाजारात दोन प्रकारची कणसे दिसतात. स्वीट कॉर्न किंवा अमेरिकन मका म्हणून मिळते ते गोड कणीस. त्याचे ‘शुगर ७५’ हे संकरित वाण शेतकऱ्यांच्या चांगले ओळखीचे आहे. दुसरे गावरान कणीस, कोळशावर भाजून लिंबू-तिखट-मीठ चोळले जाते ते. दोन्हींची झाडे एकाच जातीची. फरक दाण्यात साखरेचा स्टार्च किती होतो याचा. गोड मक्यात एका जनुकाच्या बिघाडामुळे हे रूपांतर अडते. जुन्या वाणांमध्ये ते अर्धवटच अडे, म्हणून तोडणीनंतर काही तासांतच गोडी उतरू लागे. इलिनॉय विद्यापीठातील जॉन लॉफनन यांनी १९५३ मध्ये दाणा वाळल्यावर सुरकुतणाऱ्या एका मक्याच्या गोडीकडे लक्ष वेधले, आणि त्यातून आजची अतिगोड वाणे निघाली. ती फ्रीजमध्ये काही दिवस गोड राहतात.

शिजण्याचा सगळा हिशेब इथूनच सुरू होतो. स्टार्च शिजतो म्हणजे त्याचे कण पाणी पिऊन फुगतात. मक्याच्या स्टार्चला त्यासाठी ६२ ते ७२ अंश तापमान आणि मुबलक पाणी लागते. गोड दाण्यात पाणीच सुमारे ७५ टक्के, स्टार्च थोडा. तिथे शिजवण्यासारखे फारसे काही नसते. दाणा गरम करायचा आणि साल जरा मऊ करायची, एवढेच काम. खरे सांगायचे तर गोड मक्याला प्रेशरची गरजच नाही. साध्या वाफेवर तो सात-आठ मिनिटांत होतो, आणि एकच कणीस असेल तर मायक्रोवेव्ह कुकरला सहज मागे टाकतो.

मग कुकरचा फायदा कशात? पाण्यात. उघड्या पातेल्यात चार कणसे बुडवायला तीन लिटर पाणी लागते आणि वीज किंवा गॅस मुख्यतः ते पाणी तापवण्यात खर्च होतो. कुकरला एक कप, म्हणजे सुमारे २५० मिलिलिटर पाणी पुरते. वाफ कणसावर बसून पुन्हा पाणी होते तेव्हा तिच्यातली उष्णता कणसाला मिळते; हे काम थोड्या पाण्यातही तितकेच होते. एक किलो कणसे, एक कप पाणी आणि स्टीलचे भांडे तापवायला १००० वॅटच्या प्लेटला सात-आठ मिनिटे लागतात. कणसे वाढली तर दाब भरायला वेळ जास्त लागतो, पण यंत्रावरची मिनिटे तीच राहतात, कारण वाफ प्रत्येक कणसाला सगळीकडून लागते. फ्रीझरमधल्या कणसांचेही तसेच. शिवाय कुकर लावला की माणूस मोकळा होतो, आणि अनेक घरांत खरा फायदा हाच असतो.

कणीस विकत घेताना पाने थोडी बाजूला करून दाण्याला नख लावावे. दुधाळ चीक आला तर कणीस कोवळे; पाण्यासारखा आला तर अजून भरायचे आहे, आणि घट्ट पिठूळ लागले तर जून झाले. केस तपकिरी व टोकाला वाळलेले, पण पाने हिरवी, ही चांगली खूण. शिजवण्याआधी पाने आणि केस काढून कणीस धुवावे. एखादे आतले पान ठेवले तर वास छान येतो, मात्र भांड्यात जागा तेवढीच कमी होते. सुमारे सहा लिटरच्या कुकरच्या भांड्याचा व्यास साधारण २२ सेंटिमीटर असतो आणि खोली त्याहून कमी. वीस सेंटिमीटरचे कणीस आडवे मावते, उभे नाही. पाच-सहा जणांसाठी कणसांचे दोन तुकडे करून ते जाळीवर उभे लावणे सोयीचे. तुकडे कच्चे असतानाच करावेत: मध्यावर सुरीने चर पाडायचा आणि हाताने मोडायचे. मधला दांडा कडक असतो, सुरीने जोर लावायला गेले की ती घसरते.

भांड्यात एक कप पाणी, त्यावर जाळी, जाळीवर कणसे. झाकण लावून वाफेचा व्हॉल्व्ह बंद करावा आणि ‘हाय’वर २ मिनिटे लावावीत. कोवळ्या कणसाला तर शून्य मिनिटेही चालतात, ती सोय अनेक यंत्रांवर असते. दाब भरेपर्यंतच कणीस काही मिनिटे वाफेत असते, काम तिथेच उरकते. जून दाण्याला ४ मिनिटे. वेळ संपताच व्हॉल्व्ह उघडून वाफ सोडून द्यावी. हा टप्पा मिनिटांच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा. कुकर आपोआप निवू दिला तर आणखी दहा मिनिटे आत शंभर अंशांवर तापमान राहते आणि २ मिनिटांचे कणीस १२ मिनिटांचे होते. वाफ सोडताना हात बाजूला आणि कुकर भिंतीवरच्या कपाटाखालून बाहेर. झाकणावरची दाबाची पिन खाली पडल्याशिवाय झाकणाला हात लावू नये.

मिठाबद्दल एक गैरसमज आहे. जाळीखालच्या पाण्यात मीठ-हळद घालणारे बरेच असतात, पण मीठ वाफेबरोबर वर जात नाही. ते भांड्यातच राहते आणि कणीस अळणीच निघते. मीठ वरून चोळावे, लोण्याबरोबर किंवा लिंबाच्या फोडीने. पाण्याऐवजी दूध किंवा साखरेचे पाणी वापरले तर ते तळाला धरते आणि यंत्र ‘बर्न’ दाखवून थांबते. गोड मक्यात साखर घालण्याचा उद्देशही समजणे कठीण.

गावरान कणसाची गोष्ट वेगळी, आणि प्रेशर कुकर खऱ्या अर्थाने कामाला येतो तो इथे. त्याच्या दाण्यात स्टार्च जास्त, पाणी कमी, साल जाड. कणीस कोरड्या जाळीवर न ठेवता मिठाच्या पाण्यात बुडवून १५ ते २० मिनिटे लावावे. पाणी दाण्यात शिरते, मीठही शिरते. इथे वाफ घाईने सोडण्याची गरज नाही; आपोआप निवू दिले तर दाणा आतून मऊ होतो.

वासाबद्दलही सांगायला हवे. शिजलेल्या मक्याचा ओळखीचा गंध मुख्यतः डायमिथिल सल्फाइड या वायूचा असतो आणि तो नाजूक असतो. कुकरच्या झाकणातली सिलिकॉनची रिंग मात्र आदल्या दिवशीच्या मटणाच्या रश्श्याचा वास धरून ठेवते, आणि कणीस तो वास घेते. गोड व सौम्य पदार्थांसाठी वेगळी रिंग ठेवणे हा चोचला नव्हे.

पोषणाच्या दृष्टीने मक्याचे वर्तन जरा अनपेक्षित आहे. कॉर्नेल विद्यापीठात रुई हाय लिउ यांच्या गटाने २००२ मध्ये गोड मका ११५ अंशांवर, म्हणजे जवळजवळ याच कुकरच्या तापमानाला, तापवून पाहिला. क जीवनसत्त्व घटले, पण अँटिऑक्सिडंट क्षमता १० मिनिटांत २२ टक्के, २५ मिनिटांत ४४ टक्के आणि ५० मिनिटांत ५३ टक्के वाढली, कारण सालीत जखडलेले फेरुलिक आम्ल उष्णतेने मोकळे होते. तेवढ्यासाठी गोड कणीस ५० मिनिटे शिजवावे असे कोणी सुचवणार नाही.

महाबळेश्वरसारख्या सुमारे १,३५० मीटर उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने पाणी साधारण ९५–९६ अंशांना उकळते, आणि कुकरच्या आतले तापमानही थोडे उतरते. गोड कणसाला त्याने फरक पडत नाही. गावरान कणसाला दोन-तीन मिनिटे जास्त द्यावीत.

बाहेर काढलेल्या कणसाचे दाणे उघड्यावर पटकन पाणी सोडून सुरकुततात. लगेच खायचे नसेल तर लोणी चोळून ओल्या फडक्यात झाकून ठेवावे. दुसऱ्या दिवशीच्या कणसाचे दाणे काढून उसळ करता येते. किसायचे असेल तर मात्र शिजवण्याआधीच किसावे. इंदूरकडे मक्याचा कीस कच्च्या कणसाचाच करतात. भांड्यात उरलेले पिवळसर, किंचित गोड पाणी सूपला चालते. रिंग काढून धुवावी, पूर्ण वाळू द्यावी आणि झाकण उलटे ठेवावे.